दोन चकरा कायले?

हल्ली माझ्याकडे मासे येत नाहीत. एका माळकरी बाईने असं वाक्य लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. लग्न होऊन तुमसरला आले तेव्हापासून माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि माझ्या चुलीवर मच्छी कधी चढलेली नाही. तरी कितीतरी दिवस दर बाजाराला माझ्या दारात मासे यायचे, साफ करून, पळसाच्या पानांत बांधून. आणून देणारी पार्बताबाई बाजारात मासे विकायला बसायची. ती म्हणायची, "मास्तरीणबाई, तुमाले आणले जी." मी म्हणायची, "अवो पार्बताबाई, मी खात नाही, ही माळ दिसत नाही का तुमाले?" ती माळेकडे नीट बघायची, मान हलवायची आणि पुडकं ओट्यावर ठेवून चालायला लागायची. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. मी खात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मासे कोणासाठी आहेत हे मला ठाऊक होतं. माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मनोहरलाही ठाऊक होतं. बोलत मात्र तिघांपैकी कोणीच नव्हतं.

मनोहर पार्बताबाईचा मुलगा. तिच्या लेखी तेव्हा तो तिची मुलगी होता, आणि घर सोडून गेलेली.

तो माझ्याकडे राहायला आला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. फाटकात मोटरसायकलचा आवाज आला म्हणून बाहेर गेले, तर गाडी दिसेचना. मागच्या सीटवर गादी, गादीवर पत्र्याची पेटी, हँडलच्या दोन्ही बाजूंना भांड्यांनी भरलेल्या बादल्या, आणि चालवणाऱ्याच्या गळ्यात दोरीने अडकवलेला टेबल फॅन. हे सगळं माझ्या फाटकात अडकलं होतं. पुढेही येईना, मागेही जाईना.

"अरे बाबा, दोन चकरा मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" मी ओरडले.

"दोन चकरा कायले, मॅडम? होते जी एकाच चकरेत."

आणि झालंही, फक्त फॅन खाली पडला. त्याचं एक पातं वाकलं आणि पुढे तो जितके दिवस माझ्याकडे राहिला तितके दिवस मागच्या खोलीतून खडखड ऐकू यायची. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करणारा माणूस, अख्ख्या तालुक्याचे पंप दुरुस्त करायचा, पण स्वतःच्या फॅनचं पातं काही त्याने सरळ केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "हवा तं येते ना?"

सामान उतरवायच्या आधी तो अंगणात उभा राहिला. "मॅडम, एक गोष्ट आधीच सांगतो, मंग खोली द्याची का नाही थे तुमी ठरवा. मी जन्मलो तवा घरच्यांनी पोरगी म्हणून लिहिलं. मी पोरगा आहो. कागदावर नाव बदललं. डॉक्टरच्या सल्ल्यानं हार्मोनची सुई घेतो. पुढं ऑपरेशन कराचं आहे. बस, एवढंच." सांगणंही एका श्वासात. तेही त्याने एका चकरेत उरकलं.

माझा जन्म पोरी शिकवण्यात गेला. पोरींच्या वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी अशी एखाददुसरी मुलगी मी पाहिली होती आणि तिला उगाच "नीट बस" म्हणून दटावलंही होतं. पण खरं सांगू, त्या क्षणी असला थोर विचार काही मनात आला नाही. मनात आलं ते एवढंच की मागच्या खोलीचा संडास वेगळा आहे, बरं झालं. मग मी विचारलं, "सकाळी नळ आला की माझ्या दोन बादल्या भरून देशील का?"

"होते जी," तो म्हणाला.

मनोहर हे नाव त्याच्या वयाच्या पोरांत कोणी ठेवत नाही. मी एकदा चिडवलं, "निवडायचंच होतं तर चांगलं फॅशनेबल तरी निवडायचं. हे काय आजोबाचं नाव घेऊन बसलास?" तो हसला. त्याच्या बापाने पोरगा झाला तर ठेवायचं म्हणून ते नाव ठरवून ठेवलं होतं म्हणे. पोरगी झाली असं समजले, म्हणून ते तसंच राहिलं. "घरात रिकामंच पडलं होतं, मॅडम. मंग मीच घेतलं." बाप बिचारा हे सगळं व्हायच्या आधीच गेला. नाव घेतल्याचं मायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "माह्या पोरीले खाऊन टाकलं तूनं." त्या दिवसापासून तो घरी गेला नव्हता.

मासे मात्र खायचा. माझ्या स्वयंपाकघरात ते येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने सांदवाडीत, म्हणजे आमच्या मागच्या परसात, तीन विटांची चूल मांडली होती. त्यासाठी एक लोखंडी तवा वेगळा, तो परसातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वास सुटायचा आणि मी नाकाला पदर लावून खिडकीतून ओरडायची, "झालं का रे तुझं?" तो तिकडून, "पाच मिनटं, मॅडम. हे तुमच्याच वाट्याचे आहेत, मी खाऊन रायलो!" एवढीच काय ती त्या माशांवरची आमची चर्चा.

हार्मोनने त्याचा आवाज फुटला आणि ओठावर मिशी आली. त्या मिशीला तो रोज तेल लावायचा. मी म्हणायची, एवढं तेल मी माझ्या समईला घालत नाही. मग तो आरशात बघून मिशीवरून बोट फिरवायचा आणि मुद्दाम आणखी एक थेंब लावायचा. या बाबतीत मोठा गुलहौशी होता. बाकी सगळं कसं कमीत कमी. घराबाहेर असताना पाणी प्यायचा नाही. मला आधी वाटलं, याचाही काही एका चकरेचा हिशोब असेल. नंतर कळलं की दुकानाजवळच्या मुतारीत जायची त्याला सोय नव्हती आणि बाजारातल्या बायकांच्या संडासात जायचं त्याला मरण होतं. सकाळी माझ्याकडून निघाला की संध्याकाळी परत येईपर्यंत तसाच. आल्या आल्या माठातलं पाणी घटाघट प्यायचा, तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नसे.

आणि मे महिन्यातही जाड शर्ट, त्याच्या आत छाती आवळणारा पट्टा. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते ज्याने काढला त्यालाच माहीत. एका दुपारी दुकानातली एक मोटर उचलून तो इथे घेऊन आला, घरी बसून करतो म्हणाला, आणि अंगणातच मोटरीसकट बसला. डोळे पांढरे. मी पाणी मारलं, कांदा हुंगवला, शर्टाचं बटण उघडायला हात घातला, तर त्या अवस्थेतही त्याने माझं मनगट धरलं. "नोको, मॅडम."

"मरशील, पण बटण उघडणार नाहीस?"

"नोको ना जी."

मग मी म्हटलं, "माझ्याकडे पाठ कर, न्हाणीत जा, दार लाव आणि ते जे काही आहे ते काढ. मी इथे पाठ करूनच बसते." तो गेला. मी दाराकडे पाठ करून पाटावर बसले आणि बसल्या बसल्या रडले. राग आला होता मला. कोणाचा ते अजून सांगता येत नाही.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ऑपरेशनवर नीट बोललो. दोन करायची होती. एक छातीचं, दुसरं पिशवीचं. पिशवीचं म्हटल्यावर मी सरसावून बसले, कारण माझी पिशवी काढली तेव्हा काय काय झालं ते ऐकून घ्यायला घरात कोणी तयार नव्हतं. किती दिवस खोकताना पोटाला उशी धरायची, पहिल्यांदा हसू आलं की कसं जीवावर येतं, सगळं मी त्याला सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. अख्ख्या तुमसरात भाडेकरू पोराशी पिशवीच्या ऑपरेशनवर तासभर गप्पा मारणारी घरमालकीण मी एकटीच असेन.

नागपूरच्या दवाखान्यात त्याच्यासोबत मीच गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. मानसोपचारवाल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या आणि समजावून सांगितलं, की पिशवीचं त्या करतील, छातीचं करणारे डॉक्टर बाहेरगावाहून येतात, आणि दोघांची तारीख जुळली तर दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. भूल एकदाच, भरती एकदाच, सुट्टीही एकदाच. खर्चही वेगवेगळं करण्यापेक्षा कमी, फक्त तो सगळा एकदम भरावा लागणार.

मनोहरचा चेहरा असा फुलला की विचारू नका. कोणीतरी अखेर त्याच्याच भाषेत बोलत होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, मंग थे तिसरं, खालचं, थे बी त्याच्यातच बसवता येईन का? आलोच आहो तं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "ते यात बसत नाही. ते मोठं काम आहे, वेगळं, टप्प्याटप्प्याने. आणि ते केलंच पाहिजे असंही नाही. तुम्हाला वाटलं तर, वाटेल तेव्हा."

बाहेर आल्यावर तो नाराज. "म्हणजे थ्याच्यासाठी पुन्हा चकरा." मी कपाळावर हात मारला.

एकत्र करण्यावर त्याचं सगळं अडलेलं होतं, आणि ते फक्त स्वभावापुरतं नव्हतं. दुकानाचा शेठ वाईट नव्हता, पण त्याने स्पष्ट सांगितलं होतं की एकदा लंबी सुट्टी देतो, दुसऱ्यांदा मागितली तर दुसरा माणूस ठेवीन. ऑपरेशननंतर कितीतरी आठवडे वजन उचलायचं नाही, आणि मोटर उचलल्याशिवाय त्या दुकानात काम कसलं? सरकारी योजनेत काही बसतं का म्हणून आम्ही खिडक्यांवर उभे राहिलो. एका खिडकीवर सांगितलं, पिशवीचं बसेल, छातीचं नाही. दुसरीवर सांगितलं, दोन्ही एकत्र असेल तर आम्हाला काही समजत नाही, साहेबांना विचारा. साहेब दौऱ्यावर. मनोहरने पोस्टातले पैसे काढले, तरी तोकडेच पडत होते.

मग राहिली आमची भिसी. आमच्या गल्लीतल्या बायका दर महिन्याला माझ्या ओट्यावर जमतात, प्रत्येकीने ठरलेले पैसे टाकायचे आणि चिठ्ठी निघेल तिने सगळी रक्कम न्यायची. मनोहर त्या भिसीतला एकुलता एक पुरुष, आणि पैसे टाकण्यात सगळ्यांत पहिला. एक जुना नियम आहे आमचा, जिच्या घरात लग्न असेल तिला चिठ्ठीशिवाय रक्कम द्यायची. मी विषय काढला. एकदोघींनी तोंडं वाकडी केली. ऑपरेशन म्हणजे काही लग्न नव्हे, त्यातून हे असलं.

चक्कीवाली शांताबाई पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "काहून नाही? लग्नात काय होते? नाव बदलते, मायचं घर सुटते, अन् खर्च येते. याचं नाव बदललं, घर बी सुटलं. खर्चच तेवढा रायला. मंग लग्न नाही तं काय होय हे?"

रक्कम मनोहरला मिळाली. जाताना एकीने त्याच्या गालाला हळदही लावली, आणि तो लाजला, नवरदेव लाजतो तसाच.

शेतातली धानाची रोवणी आटोपली, पंपांचं काम थंडावलं, दोन्ही डॉक्टरांची तारीख जुळली. त्या आठवड्यात पार्बताबाई मासे घेऊन आली तेव्हा मी तिला दवाखान्याचं नाव आणि दिवस सांगितला. म्हटलं, "दोन्ही एकदम करणार आहेत." तिने पुडकं ठेवलं, त्याची गाठ उगाच पुन्हा घट्ट केली आणि गेली.

ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्याच्या खाली औषधं घ्यायला गेले होते. वर आले तर मनोहरच्या पलंगाशी पार्बताबाई. पहिल्या गाडीने आली होती. जिने आयुष्यात एकटीने नागपूर पाहिलं नव्हतं, ती लोकांना विचारत विचारत वरपर्यंत पोहोचली होती. मांडीवर स्टीलचा डबा. आणि ती पदराने मनोहरच्या ओठांवरचं दही पुसत होती. पुसून झाल्यावर तिचा हात त्याच्या मिशीपाशी थोडा थांबला आणि मग खाली आला.

शुभ कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, आमच्याकडे घरोघरी ठेवतात. पण भूल द्यायची म्हणून मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, हे नर्सने त्याला बजावून सांगितलेलं होतं, आणि त्याने ते मान डोलवून ऐकलेलं होतं.

"माय, तू खाली जाऊन बस. इथं जास्त मानसं दिसले का सिस्टर ओरडते," तो म्हणाला. ती गेली. मग त्याने स्वतःच नर्सला हाक मारली. "सिस्टर, मी खाल्लं."

भूल देणारे डॉक्टर आले ते तापलेलेच. भुलीत उलटी झाली, ती फुप्फुसात गेली तर जीव जाईल, एवढं कळत नाही का तुम्हाला? त्यांचं बरोबरच होतं. थांबायचं म्हटलं तर पोट रिकामं व्हायला दुपार झाली असती, आणि छातीचे डॉक्टर दुपारी परत निघणार होते. डॉक्टरीणबाईंनी मार्ग सुचवला, संध्याकाळी पिशवीचं एकटं करून टाकू, छातीचं पुढे कधीतरी. मनोहरने विचारलं, म्हणजे भूल दोनदा, भरती दोनदा, सुट्टी दोनदा? त्या म्हणाल्या, हो. तो बराच वेळ गाऊनच्या नाड्यांशी खेळत बसला. मग म्हणाला, "नाही जमणार जी. पुढची दोघांची तारीख कवा जुळन थे सांगा." ती हिवाळ्यात जुळत होती.

डॉक्टर गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "तुला ठाऊक होतं ना?"

"मालूम होतं."

"मग खाल्लंस कशाला? वेडा आहेस का तू? सांगायचं ना तिला, की आज चालत नाही म्हणून!"

"तिनं हाक मारली, मॅडम. 'मनोहर, खाऊन घे,' म्हणे. त्या नावानं पहिल्यांदा. मी नाही म्हटलं असतं, तं तिनं एवढंच पाहिलं असतं, का पोरगा माह्या हातचं खात नाही. हात मागं घेतला असता तिनं. मंग थो हात पुन्हा कवा येईन, काय भरोसा?"

मग तो म्हणाला, "मायले सांगू नोका. तिच्या दह्यानं हुकलं म्हणून तिले कळलं, तं थे मरून जाईन."

तिला सांगितलं, मोठ्या डॉक्टरांची तब्येत बिघडली. परतीच्या गाडीत ती आमच्या समोर बसून त्या डॉक्टरांचा उद्धार करत होती. "एवढा मोठा डॉक्टर म्हणता, अन् त्याचीच तब्येत बिघडते! कायचा डॉक्टर थो!" मनोहर हो हो म्हणत होता आणि डब्यात उरलेलं दही बोटाने चाटून पुसून खात होता.

त्यानंतरचे महिने त्याला जड गेले. भिसीच्या रकमेला त्याने हात लावला नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, तर शांताबाई परस्पर सांगायची, "तारीख पुढं गेली, लग्नाची बी जाते." शेठ कुरकुरला, पण सुट्टी वापरलीच नव्हती म्हणून ती शाबूत राहिली. पट्टा पुन्हा रोज आवळला जाऊ लागला. कधी कधी रात्री फॅनची खडखड बंद असायची, म्हणजे तो बाहेर पायरीवर बसलेला असायचा. मासे येत राहिले, "मास्तरीणबाई, तुमाले आणले" म्हणतच, फक्त आता पार्बताबाई जाताना मागच्या खोलीकडे एकदा मान वळवून बघायची.

हिवाळ्यातली तारीख जवळ आली तसा तो एका सकाळी माझ्या बादल्या भरता भरता म्हणाला, "मॅडम, या टायमाले मी गावातून निघतो, घरून. दही घरून निघतानी देतात, दवाखान्यात नाही. आदल्या संध्याकाळी घरून निघालो, तं दही बी होईन अन् सकाळी पोट बी रिकामं राहीन."

एवढा साधा उपाय शोधायला त्याला इतके महिने लागले होते. की उपाय आधीच सापडला होता आणि पाय उचलायला महिने लागले, कोण जाणे. मी बाजारात जाऊन पार्बताबाईला निरोप दिला. ती मासा कापत होती, तिचा हात थांबला. गिऱ्हाईक उभं होतं, तरी ती थांबलीच. मग म्हणाली, "घर सारवा लागन."

त्यांचं गाव आंबागडच्या पायथ्याशी, तलावाला लागून. ऑटोतून उतरलो तेव्हा पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळी वाळत होती आणि घराघरांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. मनोहर शर्टाची कॉलर ओढत खाली बघून चालत होता. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने पार्बताबाईला विचारलं, "पावना कोन होय वं?"

"पावना नाही," ती म्हणाली. "माहा पोरगा होय. मनोहर." आणि तिने दार सताड उघडलं.

जेवणं झाली. उन्हं तलावावरून उतरली होती. ऑटोवाला घाई करत होता. मनोहर उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पार्बताबाई आत. तिने वाटीतून दही-साखर त्याच्या हातावर ठेवली, त्याने खाल्ली. वाकून तिच्या पाया पडला आणि वळणार तेवढ्यात तिने पुन्हा चमचा भरला.

"हे उद्याचं," ती म्हणाली. "उद्या सकाळी तं खाता नाही येत ना. आताच खाऊन घे. दोन चकरा कायले?"

दही तोंडात तसंच ठेवून तो उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, देवाशप्पथ, मी नव्हतं सांगितलं. आणि चकरांचं हे त्याचं बोलणं मुळात कोणाचं होतं, तेही मला त्या उंबऱ्यावर कळलं. पार्बताबाईने काही झालंच नाही अशा थाटात वाटी धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चाललेलं असताना आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. मी चहा आणला, तिने घेतला नाही. तीही रात्रीपासून उपाशी होती. मग आपणहून म्हणाली, "मीनं त्या दह्याच्या दिवशीच सिस्टरले विचारलं होतं जी. तिनं सांगितलं सारं. थो बोलला नाही, मंग मी बी बोलली नाही." आणि पदर तोंडावर घेऊन ती हमसाहमशी रडली. मीही रडले. दोन म्हाताऱ्या रडताना बघून एक नर्स धावत आली, काही वाईट झालं का म्हणून. काही वाईट झालं नव्हतं. थोड्या वेळाने आतून निरोप आला, दोन्ही व्यवस्थित झालं होतं.

बरा होईपर्यंत तो मायकडे राहिला, आणि मग तिथूनच दुकानात जायचं ठरलं. खोलीतलं सामान न्यायला आला तेव्हा वजन उचलायला अजून मनाई होती. तेव्हा मी जे पाहिलं ते त्याला ओळखणाऱ्या कोणाला खरं वाटणार नाही. तो एकेक वस्तू घेऊन फाटकाबाहेरच्या ऑटोपर्यंत जात होता. एक तांब्या. परत. एक उशी. परत. गादी-पेटी ऑटोवाल्याने नेली. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, आत बनियन, आणि त्या बनियनवर वारा घेत तो सावकाश चालत होता. मध्येच माझ्या माठातलं पाणी प्यायला, आणि निघायच्या आधी पुन्हा प्यायला. मी विचारलं, "आणि ते तिसरं कधी?" म्हणाला, "पाहू जी. घाई नाही."

सगळं झाल्यावर माझं लक्ष परसातल्या भिंतीकडे गेलं. "अरे, तुझा माशांचा तवा राहिला."

"राहू द्या."

"राहू द्या काय? माळकरणीच्या घरी मच्छीचा तवा? लोक काय म्हणतील मला?"

"पुढच्या बाजाराले येतो ना न्यायले."

"आणि मग दोन चकरा कायले?" मी म्हटलं.

तो हसला, मिशीवरून बोट फिरवलं आणि ऑटोत जाऊन बसला.

पुढच्या बाजाराला तो खरंच आला. पाणी प्यायला, माझ्या दोन बादल्या भरल्या, शांताबाईची चेष्टा केली, आणि निघाला. तवा भिंतीवरच होता.